माधवराव सप्रे : सुटका झाली, सल मात्र उरला

राजद्रोहाच्या आरोपाखाली १९०८ साली नागपुरात अटक झालेले संपादक माधवराव सप्रे माफीनाम्यावर सही करून सुटले आणि त्यांच्यावरील खटला संपला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथेच मिटले. सप्रे यांच्या दृष्टीने मात्र ते कधीच मिटले नाही. सुटकेनंतर ते काही काळ लोकांच्या नजरेआड गेले, मठात राहिले, माधुकरी मागितली. पुढे रायपूरमध्ये स्थिरावून त्यांनी उरलेले आयुष्य ज्या कामाला वाहिले, त्यातून समर्थ रामदासांचा दासबोध आणि लोकमान्य टिळकांचे गीतारहस्य हे मराठीतील दोन महत्त्वाचे ग्रंथ हिंदी वाचकांच्या हाती आले.

मातृभाषा मराठी आणि कार्यभाषा हिंदी, असे सप्रे यांचे जीवन होते. हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. महाराष्ट्रात त्यांची ओळख तुलनेने कमी आहे.

पथरिया ते रायपूर

माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी तत्कालीन मध्य प्रांतातील दमोह जिल्ह्यातल्या पथरिया या गावी झाला. वडिलांचे नाव कोंडोपंत, आईचे लक्ष्मीबाई. माधवराव लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले आणि कुटुंबाचा भार थोरल्या भावावर आला. प्राथमिक शिक्षण बिलासपूरला झाले. पुढील शिक्षणासाठी ते रायपूरच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले.

छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकाच्या मध्यापासून होता. त्या काळापासून अनेक मराठी घराणी रतनपूर, बिलासपूर आणि रायपूर येथे स्थायिक झाली होती. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तरी ही वस्ती तेथेच राहिली. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि शाळा-कचेरीत हिंदी व इंग्रजी अशा वातावरणात ही मुले वाढत. सप्रे त्यांपैकीच एक होते. रायपूरच्या शाळेतील शिक्षक नंदलाल दुबे यांच्यामुळे त्यांना हिंदी साहित्याची गोडी लागली, असे त्यांच्या चरित्रांतून दिसते.

महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते जबलपूर, ग्वाल्हेर आणि नागपूर अशा गावांत फिरले. घरच्या अडचणी आणि आजारपण यांमुळे त्यात खंड पडत गेला. अखेर त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवली. त्या काळी पदवीधर तरुणाला सरकारी नोकरीचे दार सहज उघडे होते. सप्रे त्या दारात गेले नाहीत. पेंड्रा जमीनदारीच्या राजकुमाराला शिकवण्याचे काम त्यांनी पत्करले आणि त्या मिळकतीच्या आधारावर मासिक काढण्याचा संकल्प सोडला.

'छत्तीसगढ मित्र'ची तीन वर्षे

जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' या हिंदी मासिकाचा पहिला अंक निघाला. छत्तीसगडातील हे पहिले नियतकालिक मानले जाते. संपादनात रामराव चिंचोलकर त्यांच्या सोबतीला होते, तर वामन बळीराम लाखे हे मालक-प्रकाशक होते. हिंदी मासिकाचे हे तिन्ही कर्ते मराठी घरांतील होते.

पेंड्र्याला छापखाना नव्हता. त्यामुळे मजकूर तेथे तयार होई आणि छपाई आरंभी रायपूरला व नंतर नागपूरला होई. पेंड्र्यासारख्या आडगावी बसून मासिक चालवणे, हस्तलिखिते दूरच्या छापखान्याकडे धाडणे आणि वर्गणीदारांची वाट पाहणे, हा उद्योग तोट्याचाच होता. डिसेंबर १९०२ मध्ये मासिक बंद करावे लागले.

तीन वर्षांच्या या अल्प आयुष्यात 'छत्तीसगढ मित्र'ने हिंदीत ग्रंथपरीक्षणाचा एक गंभीर पायंडा पाडला. लेखक ओळखीचा आहे की अनोळखी, हे न पाहता पुस्तकाचे गुणदोष सविस्तर मांडण्याची रीत सप्रे यांनी अवलंबली. मराठीत चिपळूणकरांच्या निबंधमालेने जी परंपरा रुजवली होती, तिचे वळण त्यांच्या परिचयाचे होते.

टोपलीभर मातीची कथा

याच मासिकात एप्रिल १९०१ मध्ये सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिली लघुकथा कोणती, या वादात आजही तिचे नाव घेतले जाते.

एका श्रीमंत जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते. शेजारच्या गरीब विधवेची झोपडी आड येते. ती हटत नाही, तेव्हा तो वकिलांना पैसे चारून न्यायालयातून झोपडीचा ताबा मिळवतो. कागदोपत्री सारे त्याच्या बाजूने होते. एके दिवशी ती म्हातारी रिकामी टोपली घेऊन येते. अन्नाला शिवायला तयार नसलेल्या नातीसाठी चूल घालायची म्हणून झोपडीतली थोडी माती मागते. टोपली भरते आणि ती डोक्यावर चढवण्यासाठी जमीनदारालाच हात लावायला सांगते. त्याच्याने टोपली हलत नाही. एवढीशी माती उचलवत नाही, तर साऱ्या झोपडीच्या मातीचे ओझे जन्मभर कसे वाहशील, अशा अर्थाचे ती बोलते. जमीनदार भानावर येतो, क्षमा मागतो आणि झोपडी परत करतो.

न्यायालयाचा निकाल एक सांगतो आणि माणसाचे मन दुसरे सांगते, हा या कथेचा गाभा आहे. ती लिहिताना सप्रे तिशीच्याही आत होते. सात वर्षांनी त्यांच्यावर जी वेळ आली, तिची कल्पना त्यांना असणे शक्य नव्हते.

नागपूर आणि 'हिंदी केसरी'

मासिक बंद पडल्यावर सप्रे नागपूरला आले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक परिभाषा कोशात अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम त्यांनी केले. १९०६ मध्ये त्यांनी 'हिंदी ग्रंथमाला' सुरू केली. जॉन स्टुअर्ट मिल यांच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचा महावीरप्रसाद द्विवेदी यांनी केलेला हिंदी अनुवाद याच मालेतून आला. त्याच सुमारास सप्रे यांनी स्वदेशी आणि बहिष्कार या विषयावर एक पुस्तिका लिहिली. पुढे सरकारने ती जप्त केली.

वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघालेला होता. टिळकांचा 'केसरी' महाराष्ट्रात घराघरात वाचला जात होता. परंतु मध्य प्रांताच्या हिंदी जिल्ह्यांत आणि त्यापलीकडे उत्तर हिंदुस्थानात त्याची भाषा कळणारे थोडे. ही उणीव भरून काढण्यासाठी १३ एप्रिल १९०७ रोजी नागपुरातून 'हिंदी केसरी' हे साप्ताहिक सुरू झाले. 'केसरी'तील अग्रलेख व विचार हिंदीत आणणे आणि त्याला स्थानिक मजकुराची जोड देणे, असे त्याचे स्वरूप होते. संपादक सप्रे होते.

अनुवाद हे या काळी निरुपद्रवी काम नव्हते. पुण्यात मराठीत लिहिलेला शब्द नागपुरातून हिंदीत बाहेर पडला की त्याचा वाचक अनेक पटींनी वाढत असे. सरकारचे लक्ष 'हिंदी केसरी'कडे लागले होते, यात आश्चर्य नव्हते.

१९०८ चा उन्हाळा

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बॉम्ब टाकला. त्यात दोन इंग्रज स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर सरकारने वृत्तपत्रांवर कडक नजर वळवली. गुन्ह्यांस चिथावणी देणाऱ्या वृत्तपत्रांचे छापखाने जप्त करण्याचा कायदा जूनमध्ये संमत झाला. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली.

टिळकांवरील खटला १३ ते २२ जुलै या काळात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे चालला. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे 'केसरी'तील दोन लेख आरोपाच्या मुळाशी होते. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. मूळ मराठी लेख त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतरातून आले. ही भाषांतरे सदोष असल्याचा मुद्दा टिळकांनी आपल्या दीर्घ भाषणात विस्ताराने मांडला. ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती त्यांनी ब्रह्मदेशातील मंडाले येथे भोगली.

'केसरी'चाच विचार हिंदीत मांडणाऱ्या पत्रावर पुढची पाळी येणार, हे उघड होते. २२ ऑगस्ट १९०८ रोजी सप्रे यांना भारतीय दंड संहितेच्या कलम १२४-अ खाली अटक झाली. नागपूरच्या 'देशसेवक' या मराठी पत्राचे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर हेही याच सुमारास याच आरोपाखाली सरकारच्या तावडीत सापडले. कोल्हटकरांना शिक्षा भोगावी लागली. पुढे मुंबईत 'संदेश'कार म्हणून त्यांनी नाव मिळवले.

कुटुंब आणि माफीनामा

सप्रे तुरुंगात असताना माफी मागून सुटका करून घ्यावी, असा आग्रह त्यांच्या आप्तेष्टांनी धरला. प्रकृती आधीच तोळामासा होती. टिळकांना झालेली शिक्षा सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. सप्रे आरंभी तयार नव्हते. लहानपणापासून वडिलांच्या जागी असलेले थोरले बंधू बाबूराव यांनी मात्र माफीनाम्यावर सही न केल्यास आपण जीव देऊ, असे निर्वाणीचे सांगितले, अशी हकिगत त्यांच्या चरित्रांत येते. जुने सहकारी आणि स्नेही वामनराव लाखे यांनीही समजावल्याचे त्यांत नमूद आहे.

अखेर सप्रे यांनी सही केली. वर्ष संपण्यापूर्वीच ते तुरुंगाबाहेर आले.

या प्रसंगाकडे पाहताना त्या काळचे दोन दाखले आठवतात. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, तेव्हा त्यांच्या हितचिंतकांनी दिलगिरी व्यक्त करण्याचा सल्ला दिला होता. टिळकांनी तो नाकारला आणि अठरा महिन्यांची शिक्षा पत्करली. दुसरा दाखला कलकत्त्याच्या 'बंगवासी' पत्राचा. १८९१ मध्ये या पत्रावर राजद्रोहाचा खटला भरला गेला. ज्युरीचे एकमत झाले नाही. पत्राच्या चालकांनी दिलगिरी व्यक्त केली आणि सरकारने प्रकरण सोडून दिले.

माफी आणि त्या बदल्यात खटल्याचा शेवट, ही वाट म्हणजे सप्रे यांच्यासाठी काढलेली आडवाट नव्हती. सरकारला ती सोयीचीही होती. शिक्षा झालेला संपादक लोकांच्या लेखी वीर ठरत असे. माफी मागून सुटलेला संपादक मात्र आपोआप गप्प होई आणि त्याच्या वाचकांचाही धीर खचे.

कायदा काय सांगत होता

राजद्रोहाचा खटला सामान्य फिर्यादीसारखा कोणालाही दाखल करता येत नसे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९६ नुसार त्यासाठी सरकारचा आदेश किंवा अधिकारपत्र आवश्यक होते. त्याच संहितेच्या कलम ४९४ ने सरकारी वकिलाला न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेण्याची मुभा दिली होती. दोषारोप निश्चित होण्याआधी खटला मागे घेतला तर आरोपी आरोपमुक्त होई; दोषारोपानंतर घेतला तर निर्दोष सुटला असे मानले जाई.

थोडक्यात, अशा प्रकरणात खटला सुरू करण्याची किल्ली सरकारकडे होती आणि तो थांबवण्याची खटपटही सरकारकडूनच होई. न्यायालयाची संमती लागे, परंतु लेखात राजद्रोह होता की नव्हता या मूळ प्रश्नाचा निर्णय अशा वेळी होतच नसे. पुराव्याची छाननी नाही, बचाव नाही, निकालपत्र नाही. आरोपी मोकळा होई, मात्र त्याचे म्हणणे खरे की खोटे हे कोणीच सांगितलेले नसे.

खटला मागे घेण्याची ही तरतूद स्वतंत्र भारतातही कायम राहिली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम ३२१ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३६० मध्ये आहे. कलम १२४-अ चा वापर मात्र सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगित केला. २०२४ मध्ये अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह या नावाचे कलम नाही. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम १५२ आहे.

हनुमानगडचे दिवस

सुटकेची बातमी पसरताच सप्रे यांच्यावर टीका झाली. ज्यांनी त्यांच्या लेखांतून स्फूर्ती घेतली होती, त्यांना हा विश्वासघात वाटला. परंतु सर्वांत कठोर टीकाकार सप्रे स्वतःच होते. कुटुंबाच्या आग्रहाचे कारण पुढे करून त्यांना स्वतःचा बचाव करता आला असता. त्यांनी तो मार्ग घेतला नाही.

ते वर्ध्याजवळील हनुमानगड येथे गेले. तेथे रामदासी संप्रदायातील संत श्रीधर विष्णू परांजपे यांचा त्यांनी आश्रय घेतला आणि त्यांच्याकडून दीक्षा घेतली. कालपर्यंत साप्ताहिकाचे संपादन करणारा पदवीधर आता झोळी घेऊन दारोदार माधुकरी मागू लागला. सभा नाही, लेख नाही, वृत्तपत्र नाही, अशा अज्ञातवासात त्यांनी वर्षाहून अधिक काळ काढला.

या काळात दासबोध हा त्यांचा नित्याचा ग्रंथ झाला. वीस दशके, दोनशे समास आणि सात हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ मराठी माणसाला नवा नाही. सप्रे यांनाही तो घरचाच होता. मात्र पश्चात्तापाने पोळलेल्या मनाने त्याचे पारायण करणे वेगळे होते. संसार टाकून देण्याऐवजी विवेकाने वागावे, प्रयत्न सोडू नये आणि लोकांना शहाणे करावे, ही समर्थांची शिकवण आहे. मठात गेलेल्या सप्रे यांना त्याच ग्रंथाने पुन्हा लोकांत जाण्याची वाट दाखवली.

रायपूरचा रामदासी मठ

हनुमानगडहून परतल्यावर सप्रे यांनी रायपूर हे आपले ठिकाण केले. येथे त्यांनी रामदासी मठ स्थापला आणि साध्या, विरक्त वेषात राहू लागले. दासबोधाचा हिंदी अनुवाद त्यांनी हाती घेतला आणि १९१० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो हिंदी वाचकांपुढे आला.

हा अनुवाद म्हणजे केवळ साहित्यसेवा नव्हती. राजकीय लेखनाचे दार त्यांनी स्वतःच्या सहीने बंद करून घेतले होते. तरीही लोकांना जागे करण्याचे काम संपले नव्हते. शिवकालात समर्थांनी प्रबोधनासाठी जो ग्रंथ रचला, तोच त्यांनी हिंदी प्रदेशात नेला. सरकारी यंत्रणेला त्यात आक्षेप घेण्याजोगे फारसे काही सापडणारे नव्हते.

रायपूरमध्ये १९११ साली त्यांनी जानकीदेवींच्या नावाने मुलींची शाळा सुरू केली. त्या काळी या भागात मुलींनी शाळेत जाणे ही अपवादात्मक गोष्ट होती. शहरातील वाचनालय, तरुणांचे अभ्यासवर्ग, पुढे राष्ट्रीय शिक्षणाची चळवळ, अशा अनेक कामांत त्यांचा हात होता. माफीनाम्यासाठी आग्रह धरणाऱ्यांपैकी एक असलेले वामनराव लाखे हेही रायपूरच्या सार्वजनिक जीवनात अग्रभागी राहिले. दोघांमधील स्नेह तुटला नाही.

लेखनासाठी सप्रे यांनी अनेकदा टोपणनावे वापरली. 'माधवदास रामदासी' आणि 'त्रिमूर्ति शर्मा' ही त्यांपैकी दोन. हिंदीतील विविध मासिकांतून त्यांचे निबंध प्रसिद्ध होत राहिले.

मंडालेचा ग्रंथ रायपुरात

टिळक जून १९१४ मध्ये मंडालेहून सुटून आले. तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने लिहून काढलेला गीतारहस्य हा ग्रंथ जून १९१५ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. गीता संन्यास शिकवत नाही, तर फळाची आसक्ती सोडून कर्तव्य करण्यास सांगते, हा त्याचा मुख्य सिद्धांत.

या ग्रंथाचा हिंदी अनुवाद सप्रे यांनी केला. अनुवादकाच्या प्रस्तावनेखाली रायपूरच्या रामदासी मठाचा पत्ता असून संवत् १९७३ मधील देवशयनी एकादशीचा दिवस दिला आहे. इंग्रजी कालगणनेनुसार ती १९१६ सालची आषाढी एकादशी, ११ जुलैचा मंगळवार. पंढरपुरात चंद्रभागेच्या तीरी वारकऱ्यांचा मेळा जमलेला असताना रायपूरच्या मठात हा अनुवाद सिद्ध झाला होता.

एक मराठी ग्रंथ हिंदीत गेला, एवढीच ही घटना नाही. १९०८ मध्ये टिळक आणि सप्रे या दोघांवर एकाच कलमाखाली, एकाच विचारासाठी बालंट आले. एकाने माफी नाकारली, सहा वर्षे बंदिवास भोगला आणि त्या बंदिवासात ग्रंथ लिहिला. दुसऱ्याने माफी मागितली, बंदिवास टाळला आणि तोच ग्रंथ ओळीओळीने दुसऱ्या भाषेत उतरवला. मूळ मराठी ग्रंथ साडेआठशेहून अधिक पानांचा, संस्कृत अवतरणांनी आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या चर्चेने भरलेला. तो रायपूरसारख्या ठिकाणी बसून, मर्यादित साधनांनिशी, सुमारे वर्षभरात हिंदीत आणणे हे कष्टाचे काम होते.

कर्म सोडून बसलेल्याला पुन्हा कर्माकडे वळवणारा हा ग्रंथ आहे. रणांगणावर खचून शस्त्र खाली ठेवणाऱ्या अर्जुनाची कथा सप्रे यांनी कोणत्या मनाने उतरवली असेल, याचा अंदाज वाचकाला बांधता येतो. टिळकांच्या बाजूने पाहिले तर, माफीनाम्याच्या प्रसंगानंतरही आपला सर्वांत मोठा ग्रंथ हिंदीत आणण्याचे काम त्यांनी सप्रे यांच्याकडे राहू दिले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

त्यानंतर सप्रे यांनी चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतावरील विवेचक ग्रंथाचाही अनुवाद केला. १९२० मध्ये तो 'महाभारत मीमांसा' या नावाने हिंदीत आला.

पडद्यामागचा संपादक

१७ जानेवारी १९२० रोजी जबलपूरहून 'कर्मवीर' हे साप्ताहिक सुरू झाले. त्याची उभारणी करण्यात सप्रे यांचा मोठा वाटा होता. संपादक म्हणून मात्र माखनलाल चतुर्वेदी यांचे नाव झळकले. राष्ट्रीय हिंदी मंदिर आणि सेठ गोविंददास यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांना घडवण्याच्या कामातही ते असेच मागे राहून वावरले.

माखनलाल यांना १९२१ मध्ये बिलासपूर येथील भाषणाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि त्यांना बिलासपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. ज्या गावात सप्रे यांनी मुळाक्षरे गिरवली, त्याच गावच्या तुरुंगात त्यांचा शिष्य बंदी होता. माखनलाल यांनी माफी मागितली नाही. तेथे त्यांनी लिहिलेली, देशासाठी प्राण देणाऱ्यांच्या वाटेवर पडू इच्छिणाऱ्या फुलाची कविता पुढे हिंदीच्या पाठ्यपुस्तकांतून लाखो मुलांच्या तोंडी बसली.

स्वतःला जे जमले नाही, ते करू शकणारी पिढी उभी करणे, हे सप्रे यांच्या उत्तरायुष्याचे सूत्र म्हणावे लागेल. नावाचा सोस त्यांनी केला नाही. १९२४ मध्ये डेहराडून येथे भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडे आले. मराठी मातृभाषा असलेल्या लेखकाला हिंदी साहित्यविश्वाने दिलेला तो मान होता.

अखेर आणि स्मरण

सततच्या कष्टांनी प्रकृती ढासळत गेली. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे सप्रे यांचे निधन झाले. त्यांनी वयाची पंचावन्न वर्षेही पूर्ण केली नव्हती.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी. त्याच्या शंभर वर्षे आधी सप्रे यांनी आपल्या मासिकाच्या नावातच या प्रदेशाचे नाव घातले होते. ते मासिक जेथून निघाले ते पेंड्रा २०२० पासून गौरेला-पेंड्रा-मरवाही या नव्या जिल्ह्यात आहे. रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे. भोपाळमध्ये १९८४ साली स्थापन झालेल्या माधवराव सप्रे संग्रहालयात जुन्या वृत्तपत्रांचा आणि नियतकालिकांचा मोठा ठेवा जपलेला आहे. २०२१ मध्ये त्यांच्या जन्माला दीडशे वर्षे झाली, तेव्हा त्यांच्या लेखनाकडे अभ्यासकांचे पुन्हा लक्ष गेले.

त्यांच्यावरील चरित्रलेखनात माफीनाम्याचा प्रसंग झाकलेला नाही. काहींनी तो कौटुंबिक दडपणाचा परिणाम मानला, काहींनी आयुष्यातील एकमेव पराभव. सप्रे यांनी स्वतः त्याचे समर्थन करण्यापेक्षा प्रायश्चित्त करणे पसंत केले. १९०८ मध्ये त्यांच्या लेखांबाबत कोणत्याही न्यायालयाने निकाल दिला नाही. दासबोध, गीतारहस्य आणि महाभारत मीमांसा हे तीन हिंदी अनुवाद मात्र त्यानंतरच्या काळातले आहेत आणि ते आजही वाचले जातात.